प्रार्थना आणि पाहुणचार: ननच्या आयुष्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मठात पाहुण्यांचं बघण्याचं काम गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आलेला माणूस पहिल्या दिवशी खोली कुठे आणि जेवण किती वाजता, एवढंच विचारतो. मनातले प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बहुधा माझ्याबरोबर भांडी पुसताना बाहेर पडतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आमचा मठ संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे चालतो, त्यामुळे उत्तरंही त्याच वाटेनं जातात. कार्मेल किंवा क्लारा संघाच्या मठातली सिस्टर काही गोष्टी वेगळ्या सांगेल.

नन आणि सिस्टर एकच ना?

हाक मारताना एकच, सगळ्यांना सिस्टरच म्हणतात. पण चर्चच्या भाषेत नन म्हणजे मठात राहून प्रार्थनेला वाहून घेतलेली स्त्री. शाळेत, दवाखान्यात, वस्तीत काम करणाऱ्या धर्मभगिनींचं घर हे कामावर जाण्याचं आणि परत येण्याचं ठिकाण असतं. ननचं सगळं आयुष्य मठातच जातं. व्रतं दोघीही घेतात, आणि एकीचं आयुष्य दुसरीपेक्षा वरचं असा काही हिशेब नाही.

जग सोडून मठात गेलात, मग पाहुण्यांचं एवढं का करता?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण मीही मठात येताना तोच घेऊन आले होते. मला वाटायचं, प्रार्थना हे खरं काम आणि पाहुणे हा त्यातला अडथळा.

बेनेडिक्टचा जन्म इटलीतल्या नर्सियात, सुमारे ४८० साली झाला, आणि ५४७च्या सुमारास माँटे कसिनोच्या मठात तो वारला. त्याच्या नियमात, म्हणजे मठात कसं जगायचं हे सांगणाऱ्या त्याच्या पुस्तकात, ७३ प्रकरणं आहेत. नियम लिहिला साधूंसाठी, पण स्त्रियांचे मठही शतकानुशतकं त्याच्यावरच चालत आले आहेत. त्यातलं ५३वं प्रकरण पाहुण्यांबद्दल आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं ख्रिस्त समजून स्वागत करा, असं ते सुरुवातीलाच सांगतं. आधार बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला: शेवटच्या न्यायाच्या वेळी येशू म्हणणार आहे, मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलंत.

पुढे बेनेडिक्ट बारीकसारीक गोष्टींत शिरतो. पाहुणा येताना आणि जाताना त्याच्यापुढे मान लववायची किंवा जमिनीवर लोटांगण घालायचं. आधी त्याच्यासोबत प्रार्थना, मग शांतीचं आलिंगन. मठाध्यक्षानं त्याच्या हातांवर पाणी घालायचं, सगळ्यांनी मिळून त्याचे पाय धुवायचे. आणि पाय धुऊन झाल्यावर बायबलमधल्या ४८व्या स्तोत्रातली एक ओळ म्हणायची: हे देवा, तुझ्या मंदिरात आम्हाला तुझी दया मिळाली आहे. ही ओळ पाहुण्यानं म्हणायची, असंच वाचताना आधी वाटतं. ती म्हणायची असते पाय धुणाऱ्यांनी. दया त्यांना मिळालेली असते. एवढी एक ओळ कळायला मला दहा वर्षं लागली.

गरीब आणि यात्रेकरू यांच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, असंही तिथे आहे. श्रीमंतांचा मान त्यांच्या धाकानं आपोआप राखला जातो, असं कारण बेनेडिक्ट देतो. माणसं त्यानं चांगलीच ओळखली होती.

दिवस कसा जातो?

घंटेवर. पहाटे अंधारात पहिली प्रार्थना, उजाडताना लॉड्स, दिवसाच्या मधल्या छोट्या प्रार्थना, संध्याकाळी व्हेस्पर्स, झोपण्याआधी कॉम्प्लिन. 'दिवसातून सात वेळा मी तुझी स्तुती करतो' या ११९व्या स्तोत्रातल्या ओळीवरून बेनेडिक्टनं दिवसाच्या सात प्रार्थना बसवल्या आणि रात्रीची आठवी. १५०च्या १५० स्तोत्रं आठवड्यात म्हणून झालीच पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. हल्ली मठामठांत वेळा आणि वाटणी बदलते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३मध्ये 'प्राइम' ही एक प्रार्थना काढून टाकली, आणि काही मठ सगळी स्तोत्रं दोन आठवड्यांत पुरी करतात. रोजची मिस्सा, म्हणजे परमप्रसादाचा उपासनाविधी, असतेच.

यांच्या मध्ये काम आणि वाचन. वाचन म्हणजे पवित्र शास्त्रातला छोटासा भाग हळूहळू, एकेक शब्द तोंडात घोळवत वाचायचा. काम म्हणजे बाग, स्वयंपाक, धुणं, शिवण, हिशेब. मठाला पोट भरावं लागतं. भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी हाताळा, असं ३१वं प्रकरण सांगतं. त्यामुळे आमच्याकडे फावडंसुद्धा धुऊन, पुसूनच जागेवर जातं.

प्रार्थना चालू असताना दारावरची बेल वाजली तर?

नियमात याची दोन उत्तरं आहेत आणि पहिल्यांदा वाचताना ती एकमेकांवर आदळतात. ४३वं प्रकरण म्हणतं, देवाच्या उपासनेहून मोठं काहीही मानू नका. ६६वं म्हणतं, दारावर कुणी थाप मारली किंवा गरिबानं हाक दिली, की द्वारपालानं लगेच 'देवाला धन्यवाद' असं उत्तर द्यायचं आणि मायेनं, तत्परतेनं विचारपूस करायची.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. व्हेस्पर्सची स्तोत्रं चालू होती आणि बेल वाजली. मी चरफडत उठले. दारात पन्नाशीची एक बाई होती, हातात कापडी पिशवी, पायांत प्रवासाची धूळ. मी म्हटलं, "प्रार्थना चालू आहे, जरा थांबा," आणि दार लोटून परत गेले. आवाजात काय होतं ते तिनं ऐकलं असणार. वीस मिनिटांनी येऊन पाहिलं तर पायरीवर कुणी नव्हतं. मी फाटकापर्यंत पळत गेले, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. ती कोण, कशासाठी आली होती, हे मला कधीच कळलं नाही. त्या संध्याकाळी मी कोणती स्तोत्रं म्हटली तेही आठवत नाही. तिची पिशवी आठवते.

तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. प्रत्येक प्रार्थनेच्या वेळी एक सिस्टर दाराजवळ बसते. तिच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक असतं, चॅपलमधला आवाज तिथवर येतो, ती तिथूनच म्हणते. बेल वाजली की पुस्तक मिटून दार उघडते, आणि तिची राहिलेली ओळ आत बाकीच्या म्हणत असतात. बेनेडिक्टला दारावर एक समंजस म्हातारा माणूस हवा होता, ज्याला निरोप घेता आणि देता येतो आणि ज्याच्या वयामुळे इकडेतिकडे भटकणं उरलेलं नाही. त्याची खोलीही दाराशीच असावी, म्हणजे येणाऱ्याला कुणीतरी हमखास भेटेल. उपासनेत खंड नको आणि पाहुण्याला ताटकळणं नको, दोन्ही त्यात साधतं.

मार्था आणि मरियेच्या गोष्टीत येशूनं मरियेची बाजू घेतली. मग पाहुणचार दुय्यम नाही का?

गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात आहे. येशू मार्था आणि मरिया या बहिणींच्या घरी येतो, मरिया त्याच्या पायांशी बसून ऐकते, मार्था कामानं हैराण होते आणि तक्रार करते. येशू म्हणतो, मरियेनं चांगला वाटा निवडला आहे.

माझं वाचन असं: तो मार्थाच्या कामावर बोट ठेवत नाही, तिच्या जिवाच्या उलघालीवर ठेवतो. तू किती गोष्टींची चिंता करतेस, असं तो तिला दोनदा नावानं हाक मारून सांगतो. पाहुण्यासाठी राबताना आपण पाहुण्याकडे पाहायचंच विसरतो, हे ज्यानं घरी चार माणसं जेवायला बोलावली आहेत त्याला सांगायला नको. योहानच्या शुभवर्तमानात हीच मार्था भाऊ लाजर वारल्यावर येशूला सामोरी जाते आणि तू ख्रिस्त आहेस, असं ठामपणे म्हणते. म्हणजे कामात असतानाही तिनं ऐकलेलं होतंच. २०२१मध्ये पोप फ्रान्सिसनी २९ जुलैच्या एकट्या मार्थाच्या सणात मरिया आणि लाजर यांनाही घेतलं. तिघं भावंडं एकाच दिवशी. मला फार बरं वाटलं.

मी ख्रिस्ती नाही. येऊन राहू शकते का?

हो. धर्म विचारून आम्ही खोली देत नाही. प्रार्थनेला यायलाच हवं अशी सक्ती नसते. आलात तर मागे नुसतं बसलात तरी चालतं. मिस्सेत परमप्रसाद, म्हणजे आशीर्वादित भाकर, मात्र कॅथलिकांसाठी असतो. तो क्षण आला की जागेवर बसून राहा, कुणी वळून पाहणार नाही.

पुरुषांना राहता येतं का?

काही मठांत येतं, काहींत नाही. निघण्याआधी विचारा.

पैसे किती पडतात?

काही मठ ठरावीक रक्कम सांगतात, काही ऐच्छिक देणगीची पेटी ठेवतात. ज्याच्याकडे काहीच नाही त्यानं तसं मोकळेपणानं सांगावं. आमच्या इथे पेटी जेवणघराबाहेर आडोशाला ठेवली आहे, कोण टाकतं आणि कोण नाही हे मलाही दिसू नये म्हणून.

पाहुण्यांची खोली कशी तयार करता?

पुरेसे पलंग तयार असावेत आणि घर शहाण्या माणसांनी शहाणपणानं सांभाळावं, एवढंच नियम म्हणतो. बाकीचं मला एका वयस्कर सिस्टरनं शिकवलं. आधी खिडक्या तासभर उघड्या. चादर अशी खोचायची की झोपणाऱ्याच्या पायाला गाठ लागणार नाही. एक पांघरूण जास्तीचं, कारण थंडी वाजली तरी परक्या घरात माणूस मागत नाही. दिवा लावून बघायचा, नळ सोडून बघायचा. टेबलावर प्रार्थनेच्या वेळांचा कागद, दोन कोरे कागद आणि टोक केलेली पेन्सिल. आणि सगळं झालं की दार लावून खुर्चीवर पाच मिनिटं बसायचं. पाहुणा जिथे बसणार तिथून काय दिसतं, काय कुरकुरतं, कुठून वारा येतो, हे उभ्यानं कळत नाही. त्या पाच मिनिटांत येणाऱ्यासाठी प्रार्थनाही होते, नाव माहीत असो वा नसो.

पूर्वी पाय धुवायचे. आज गरम पाणी आणि धुतलेला टॉवेल, हेच पाय धुणं.

सगळे पाहुणे तुम्हाला आवडतात?

नाही. काही जण येतात ते भांडण सोबत घेऊनच. काही इतकं बोलतात की रात्री उशीवर डोकं टेकल्यावरही त्यांचा आवाज कानात राहतो. मग ख्रिस्त म्हणून स्वागत करायचं म्हणजे काय? सगळ्यांबद्दल उमाळा दाटून आला पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला की दोन महिन्यांत माणूस थकून जातो. मी स्वतःला एवढंच सांगते: दार उघडायचं, नजरेला नजर द्यायची, नाव विचारायचं आणि लक्षात ठेवायचं. आवड मागून आली तर आली.

तक्रार करणाऱ्यांचंही एक आहे. ६१वं प्रकरण बाहेरून आलेल्या साधूबद्दल म्हणतं, त्यानं नम्रपणे, प्रेमानं एखादी उणीव दाखवली तर देवानं त्याला त्यासाठीच पाठवलं नसेल ना, याचा मठाध्यक्षानं विचार करावा. आमच्या चॅपलच्या पायऱ्यांना कठडा बसला तो एका पाहुणीच्या तक्रारीमुळेच.

सतत माणसं येत राहिली तर तुमची शांतता मोडत नाही?

मोडू नये म्हणूनच नियम घातले आहेत. पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवा, असं बेनेडिक्ट सांगतो, कारण पाहुणे केव्हाही येतात आणि मठ त्यांच्यावाचून कधीच नसतो. त्या स्वयंपाकघराला वर्षभरासाठी दोन जण नेमायचे, काम वाढलं तर मदतीला माणसं द्यायची. पाहुण्यांशी बोलणंही ज्यांना नेमलं आहे त्यांनीच करायचं. बाकीच्यांनी वाटेत भेटल्यावर नमस्कार करायचा, आशीर्वाद मागायचा आणि पुढे जायचं. म्हणून अंगणात एखादी सिस्टर तुमच्याशी न बोलता गेली तर रागावू नका. ती तुमची एकांताची वेळ जपते आहे आणि स्वतःचीही.

घराला मर्यादा आहेत म्हणूनच दार उघडं ठेवता येतं, असं माझं ठाम मत झालं आहे. पाहुणा आला म्हणून सगळं घर त्याच्याभोवती फिरायला लागलं, तर चौथ्या दिवशी घरही दमतं आणि पाहुणाही अवघडतो. मठात तो येतो तेव्हा घंटा तशीच वाजते, स्तोत्रं तशीच चालतात. तो आला नसता तरी ती चालली असती, आणि नेमका याचाच त्याला आधार वाटतो. दुःखातून आलेल्या कितीतरी जणींनी मला हे वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे.

पण बेनेडिक्टनं फटीही ठेवल्या आहेत. कॉम्प्लिननंतर मौन असतं, ते मोडलं तर कडक शिक्षा. अपवाद दोनच: मठाध्यक्षाची आज्ञा आणि पाहुण्याची गरज. उपवासाच्या दिवशी पाहुणा आला तर वरिष्ठानं त्याच्यासाठी आपला उपवास सोडायचा, फक्त तो मोठ्या उपवासाचा दिवस नसला तर.

मला नन व्हायचं आहे. मठात लगेच घेतात का?

अजिबात नाही. पाहुण्याला दार तत्काळ उघडतं. कायमचं राहायला आलेल्याला मात्र सहजासहजी आत घेऊ नका, असं ५८वं प्रकरण बजावतं. चार-पाच दिवस त्याला दारावर थापा मारू द्या, टिकतो का बघा. आज दारात कुणी उभं करत नाही, पण सबुरी तीच आहे. व्हॅटिकननं २०१८मध्ये प्रार्थनामय मठांसाठी नियमावली काढली. तिच्याप्रमाणे ओळखीचा काळ कमीत कमी १२ महिने, मग पूर्वतयारीचे कमीत कमी १२ महिने, नवदीक्षेची, म्हणजे मठातल्या शिकाऊ काळाची, दोन वर्षं आणि तात्पुरत्या व्रतांची पाच. म्हणजे कायमची व्रतं घेईपर्यंत किमान नऊ वर्षं जातात. नवदीक्षेसाठी १७ वर्षं पूर्ण हवीत, कायमच्या व्रतांसाठी २१.

व्रतं तीन: स्थैर्य, म्हणजे याच घरात, याच माणसांबरोबर मरेपर्यंत राहणं, मठाच्या रीतीनं स्वतःला रोज बदलत जाणं, ज्यात ब्रह्मचर्य आणि दारिद्र्य आलंच, आणि आज्ञापालन. मला विचाराल तर अवघड पहिलं. पाहुणे बदलत राहतात, प्रार्थनेला शेजारी बसणारी सिस्टर बदलत नाही.

विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला येता येतं का?

विधवेला येतं. कायद्यानं घटस्फोट झाला तरी चर्चच्या दृष्टीनं विवाह टिकून असेल तर येत नाही. तो विवाह मुळात वैधच नव्हता, असा निर्णय चर्चच्या न्यायालयानं दिला असेल तर मार्ग मोकळा होऊ शकतो. मुलं लहान असतील तर आधी मुलं.

सोडून जावंसं वाटलं तर?

तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की कुणीही जाऊ शकते. कायमच्या व्रतांनंतर गंभीर कारण लागतं आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. गेलेल्या जणी परत पाहुण्या म्हणूनही येतात. त्यांना खोली देताना माझे हात जरा जास्त जपून चालतात.

घरच्यांना भेटता येतं का?

येतं. घरचे मठात येऊन राहतात, पत्रं आणि फोन चालतात, आईवडील आजारी असले तर बहुतेक ठिकाणी जाऊही देतात. पण भावाच्या लग्नात, भाचीच्या वाढदिवसाला आपण नसतो, आणि ते दुखतं. पाहुणीचं तान्हं बाळ कडेवर घेताना कधी कधी हे सगळं एकदम दाटून येतं. ते लपवायचं कारण नाही.

नियम एकीकडे आणि माणूस एकीकडे ओढत असेल तर काय करता?

बेनेडिक्टची बहीण स्कोलास्टिका हिची गोष्ट सांगते. पोप संत ग्रेगरी यांनी ती लिहून ठेवली आहे. ती दोघं वर्षातून एकदा भेटत. शेवटच्या भेटीत रात्र झाली, ती म्हणाली, आज जाऊ नकोस, सकाळपर्यंत देवाबद्दल बोलत बसू. तो म्हणाला, मठाबाहेर रात्र काढणं मला शक्य नाही. तिनं हातांवर डोकं टेकून प्रार्थना केली आणि निरभ्र आभाळातून असा पाऊस कोसळला की त्याला पाऊल बाहेर टाकता येईना. रात्रभर दोघं बोलत बसली. तीन दिवसांनी ती वारली. तिचं प्रेम जास्त होतं म्हणून तिचं चाललं, असं ग्रेगरी म्हणतात. तिचा सण १० फेब्रुवारीला असतो. ज्यानं नियम लिहिला त्यालाही एकदा पाहुणा होऊन थांबावं लागलं.

वय झालेल्या सिस्टर काय करतात?

मठातच राहतात. आजाऱ्यांची काळजी सगळ्यांआधी आणि सगळ्यांवर, असं ३६वं प्रकरण सांगतं, आणि तिथेही तेच कारण: ख्रिस्त समजून सेवा करा.

मला खोली लावायला शिकवणारी सिस्टर आता अंथरुणाला खिळली आहे. पाहुणा निघून गेला की मी चादर काढते, खिडकी उघडते आणि त्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून तिच्याकडे नेते. तिला आता दिसत नाही, म्हणून मीच वाचून दाखवते. ती नाव दोनदा म्हणते, चिठ्ठी उशीखाली ठेवायला सांगते आणि विचारते, "खोलीत बसून बघितलंस ना?"